भिंतींचा रंग आणि आपल्या मुलखाचा उजेड

पावसाळा ओसरून भाद्रपद-आश्विनाची कोरडी उन्हे पडू लागली आणि भिंतींच्या अंगची ओल सुकू लागली, म्हणजे आपल्याकडील पुष्कळ घरांत रंगकामाचा विषय निघतो. रंगाऱ्याला बोलावणे जाते. तो येऊन भिंतीवरून तळहात फिरवितो, कोठे पोपडे सुटले आहेत, कोठे लोणा फुटला आहे, पुट्टी किती लागेल, प्राइमरचा एक हात पुरेल की दोन द्यावे लागतील, ह्याचा अंदाज सांगतो. चौरस फुटाचा दर ठरतो, विसार दिला जातो, कोणते सामान कोणत्या दिवशी कोणत्या खोलीत हलवायचे ह्याचीही तजवीज होते. आणि इतक्या गोष्टींचा बारकाईने विचार करणारे तेच कुटुंब, पुढील कित्येक वर्षे ज्याच्या सहवासात अहोरात्र काढावयाची तो रंग मात्र, एखाद्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली शेडकार्डावरील बोटभर चौकटींकडे पाहून अर्ध्या तासात मुक्रर करून टाकते.

ह्या घाईत हाताशी असते ते एक सर्वतोमुखी झालेले सूत्र. तांबडा, नारिंगी, पिवळा आणि त्यांच्या छटा हे उष्ण रंग. निळा, हिरवा, जांभळा हे शीत रंग. उष्ण रंग भिंत जवळ आणतात, शीत रंग ती मागे सारतात. म्हणून बैठकीच्या खोलीस उष्ण रंग द्यावा, निजावयाच्या खोलीस शीत. आणि खिडकी उत्तरेस असेल तर उष्ण, दक्षिणेस असेल तर शीत. रंगाचा दुकानदार हेच सांगतो, गृहसजावटीची पुस्तके हेच सांगतात, आणि आपणही ते बिनतक्रार मान्य करतो. हे सूत्र निखालस खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ते दुसऱ्या मुलखातील उजेडावर बेतलेले आहे, आणि आपल्या घरांस ते जसेच्या तसे लागू करणे ही अविचाराची गोष्ट आहे, एवढे मी निश्चयाने म्हणतो.

मुळात रंगांस उष्णता आणि शैत्य हे गुण पदार्थविज्ञानाने दिलेले नाहीत, ते मनुष्याच्या मनाने दिलेले आहेत. विज्ञानाची साक्ष तर उलटीच पडते. मृग नक्षत्रातील तांबूस काक्षीचे पृष्ठतापमान सुमारे ३,५०० केल्व्हिन, आणि त्याच नक्षत्रातील निळसर-शुभ्र राजन्याचे सुमारे १२,०००. जो तारा डोळ्यांस थंड दिसतो तोच अधिक तप्त आहे. आपले मन मात्र ताऱ्यांकडून शिकलेले नसून चुलीकडून आणि विहिरीकडून शिकलेले आहे. निखारा आणि ऊन तांबडी-पिवळी, पाणी आणि झाडाची सावली निळी-हिरवी, ह्या युगानुयुगांच्या साहचर्यातून ही विभागणी झाली. तिचा शरीरावर परिणाम होतो तो अगदी अल्प. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ फँगर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, माणसांना एकदा गडद तांबड्या आणि एकदा गडद निळ्या प्रकाशात बसवून त्यांस कोणते तापमान सुखावह वाटते हे मोजले, तेव्हा फरक निघाला तो अवघा ०.४ अंशाचा. तेव्हा वैशाखात भिंत निळी असल्याने खोलीतील पारा उतरेल किंवा पंख्याचे काम हलके होईल अशी आशा कोणी बाळगू नये. ते काम छज्ज्याचे, पडद्याचे आणि खिडकीसमोरच्या झाडाचे आहे. रंगाची निवड करावयाची ती डोळ्यांसाठी आणि खोलीत येणाऱ्या उजेडासाठी.

आणि हा उजेड सर्व देशांत सारखा नाही. जर्मन महाकवी गटे ह्याने १८१० साली रंगमीमांसेवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने रंगांचे धन आणि ऋण असे दोन पक्ष पाडले, पिवळ्यास धन पक्षात आणि निळ्यास ऋण पक्षात घातले, आणि नुसत्या निळ्या रंगाने मढविलेली खोली प्रशस्त भासली तरी रिती आणि गारठलेली वाटते असे निरीक्षण नोंदविले. ते खरेच असले पाहिजे. परंतु हे लिहिणारा गृहस्थ वायमारला राहत होता, आणि वायमार सुमारे ५१ अक्षांशांवर आहे. जवळपास त्याच अक्षांशावरील लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस भर माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. तिकडे उत्तरेच्या खिडकीत हिवाळाभर सूर्यदर्शन नाही, निळ्या-राखी आकाशाचा थंड उजेड तेवढा आत येतो, म्हणून त्या खोलीस पिवळसर रंग देऊन उणीव भरून काढावी लागते. आणि दक्षिणेची खिडकी म्हणजे त्यांच्या घरातील ठेवा. उत्तर-दक्षिणेचा हा नियम त्यांच्या दृष्टीने सर्वथैव योग्य आहे.

आपला महाराष्ट्र सबंध कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. मुंबई-पुण्यास मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते, आणि ह्या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क उत्तरेस असतो. आपल्या खोल्यांचे भवितव्य त्यामुळे उत्तर-दक्षिणेपेक्षा पूर्व-पश्चिमेने ठरते. दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात साधा छज्जा सांभाळतो. पश्चिमेची खिडकी कोणताही छज्जा सांभाळू शकत नाही, कारण तिच्यात येणारे ऊन उतरते असते. चैत्रातील दुपारी चारच्या सुमारास पश्चिमाभिमुख बैठकीत उभे राहून पाहावे: ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते, फरशीवरून चढत समोरच्या भिंतीपर्यंत जाते, आणि ती भिंत जर आंबा-पिवळ्या किंवा विटकरी रंगाची असेल, तर सबंध दालन असे पेटल्यासारखे होते की दोन घटका तेथे बसून वर्तमानपत्र वाचणे कठीण जावे. त्याच भिंतीस फिकट पोपटी-राखी किंवा पाणीदार निळसर छटा दिली, तर ते सोनेरी ऊन तिच्यावर पडून स्वतःच मवाळ होते. शैत्य आणि उष्णता ह्यांचा मिलाफ तेथे उजेड आणि भिंत मिळून करतात. पश्चिमेच्या खोलीस शीत रंग द्यावा, ह्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, मग ती खोली बैठकीची असो की निजावयाची.

शहरातील घरांत तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, तिचा उल्लेख शेडकार्डावर कोठेही सापडावयाचा नाही. दाट वस्तीत खिडकीतून येणारा उजेड क्वचितच आकाशाचा असतो. तो बहुधा समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतलेला असतो, आणि परतताना त्या भिंतीचा रंग बरोबर घेऊन येतो. समोर गुलाबी रंगाची सोसायटी असेल तर आपली पांढरी भिंत सकाळभर गुलाबीच राहणार. खिडकीस लागून आंबा किंवा बदाम असेल तर उजेड हिरवा होऊनच आत येणार, आणि अशा खोलीत हिरवट रंग लावला तर माणसांचे चेहरे आजारी दिसू लागतात, हे कोकणातील आगरात राहणाऱ्यांस सांगावयास नको. जांभ्याच्या अंगणावरून ओटीवर येणारा उजेड तांबूस असतो. घरातील फरशीचाही ह्यात मोठा वाटा आहे. निळसर-राखी शहाबादी फरशी आपल्या जुन्या घरांत सर्वत्र होती. तिच्यावरून उठणारा उजेड थंड असे, त्यामुळे वरची पिवडीची भिंत डोळ्यांस कधी खुपली नाही. आता त्याच ठिकाणी दुधाळ, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या आहेत, उजेड खालून पिवळा होऊन वर चढतो, आणि वर पुन्हा बिस्किटी रंग लावला म्हणजे सगळी खोली एकसुरी, गोडसर होऊन बसते.

मग उष्ण रंगास आपल्याकडे स्थानच नाही की काय? आहे, आणि ते फार मोठे आहे. पावसाळ्याचे चार महिने आपण बहुधा विसरतो, कारण रंगाचा विचार आपण स्वच्छ उन्हात करतो. आषाढात सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही. जो काही उजेड येतो तो क्षीण आणि राखी असतो. जुन्या वाड्यांतील माजघरास स्वतःची खिडकी क्वचितच असे, चौकातून जेवढा उजेड येईल तेवढ्यावर त्याची गुजराण. आजच्या मुंबईतील सदनिकांत डक्टकडे उघडणारी आतली खोली त्याच माजघराची वारस आहे. गेल्या काही वर्षांत राखाडी भिंतींची जी टूम निघाली आहे, ती अशा खोलीत पावसाळ्यात जाऊन पाहावी. बाहेर आभाळ राखी, आत भिंत राखी, आणि खालून त्याच जातीची फरशी. तेथे दिवसभर स्वयंपाक, शिवणटिपण, अभ्यास करणाऱ्या माणसांच्या मनावर किती मळभ येत असेल ह्याचा हिशेब कोणी मांडत नाही. ही टूम ज्या चित्रांतून उचलली, त्या चित्रांतील दालनांस भिंतभर काच आहे, हे विसरून चालत नाही. अंधाऱ्या खोलीस फिकट पिवळा, साय किंवा लोण्यासारखा, क्वचित किंचित गुलाबीकडे झुकणारा रंगच द्यावा, आणि तो फिकटच असावा. बोहेमियाचा शास्त्रज्ञ पुर्किन्ये ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही गोष्ट दाखवून दिली, की उजेड मंदावू लागला म्हणजे डोळ्यास तांबडा रंग सर्वांआधी काळवंडलेला दिसतो आणि निळा-हिरवा बराच वेळ टिकतो. तिन्हीसांजेस बागेतील जास्वंद पानांच्याही आधी विझते, हा अनुभव सर्वांस आहे. म्हणून ऊब हवी तरी गडद तांबडा वा विटकरी रंग अंधाऱ्या खोलीत उपयोगाचा नाही. तो ऊब देण्याआधीच काळोख देतो.

रात्रीचा विचार तर आपण मुळीच करीत नाही, आणि नोकरीधंद्याची माणसे आपली खोली प्रत्यक्ष पाहतात ती बहुधा रात्रीच. विजेच्या दिव्यांच्या डब्यांवर वॉर्म व्हाइट, कूल डेलाइट असे लिहिलेले असते आणि त्याखाली २७००, ३००० किंवा ६५०० केल्व्हिन असा आकडा असतो. आकडा वाढेल तसा उजेड निळसर होतो. आपल्याकडे ट्यूबलाइटच्या काळापासून ६५००च्या पांढऱ्या-निळ्या उजेडाचा शिरस्ता पडून गेला आहे, कारण तो भरपूर वाटतो आणि विजेची काटकसर करणाऱ्या कुटुंबास भरपूर वाटणे महत्त्वाचे असते. परंतु भिंत स्वतः काही रंग निर्माण करीत नाही. आलेल्या उजेडातील जो भाग तिला परतविता येतो तेवढाच ती परतविते. जुन्या धर्तीच्या ट्यूबच्या उजेडात तांबड्याचा अंश थोडा असतो. त्याखाली पिवळी भिंत हिरवट दिसते आणि गेरूची छटा मातकट होते. उलट २७०० केल्व्हिनच्या पिवळ्या दिव्याखाली निळी भिंत मळकी राखी दिसते. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील क्रुइथॉफ ह्याने १९४१ मध्ये असे मांडले होते, की उजेड मंद असेल तेव्हा माणसास पिवळसर उजेड सुखकर वाटतो आणि निळसर उजेड सुखकर व्हावयाचा तर तो मुबलक असावा लागतो. पुढील संशोधकांनी त्याच्या आकड्यांवर पुष्कळ आक्षेप घेतले, तथापि एकुलत्या ट्यूबच्या निळसर उजेडात बसलेली आपली बैठकीची खोली मला तरी त्याच्याच बाजूची साक्ष देते. दिवा आणि रंग ह्यांचा निर्णय एकाच बैठकीत झाला पाहिजे. दिवे बदलणे हे भिंत रंगविण्यापेक्षा किती तरी स्वस्त आहे, आणि पुष्कळ वेळा भिंतीचा म्हणून जो दोष आपण मानतो तो दिव्याचा असतो.

रंग शेजारावरही अवलंबून असतो. पॅरिसच्या गोब्लँ येथील विणकामाच्या शाही कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख असलेल्या शेव्हरल ह्या रसायनशास्त्रज्ञाकडे अशी कैफियत आली, की काही काळे सूत पुरेसे काळे उतरत नाही. त्याने तपास केला तेव्हा रंगात काही खोट निघाली नाही. त्या सुताशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे ते तसे दिसत होते. ह्या तपासातून त्याने १८३९ साली रंगविरोधाच्या नियमांवर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या घरात ही गोष्ट सागवानी दरवाजा करतो, सोफ्याची खोळ करते, देवघराची पितळी झळाळी करते. तांबूस पॉलिशचे लाकूड घरात पुष्कळ असेल तर शेजारची साधी राखी भिंतदेखील निळसर भासते. अशा घरात निळा रंग वेगळा लावण्याची गरजच उरत नाही.

आपल्या पूर्वजांनी ग्रंथ न लिहिता ह्यातील पुष्कळ व्यवहार साधला होता. त्यांच्यापाशी रंग थोडे: चुना, नीळ, पिवडी, गेरू, काव. चुन्याच्या सफेदीत नीळ घालीत ती तिचा पिवळेपणा मारण्यासाठी; अंधाऱ्या भागास पिवडी; आणि तांबडा रंग पट्ट्यापुरता, कोनाड्याभोवती, दाराच्या चौकटीपाशी. गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील देवळांच्या भिंतींवरील कावीचे काम पाहावे: पांढऱ्याशुभ्र चुन्याच्या पृष्ठावर काव, आणि ती खरवडून काढलेली वेलबुट्टी, उष्ण रंग इतका ठसठशीत असूनही त्याचा भार होत नाही, कारण त्याभोवती पांढऱ्याचा विस्तार आहे. वारली घरात नेमके उलट आहे, गेरूची भिंत आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. पिवडी, गेरू आणि काव ह्यांस रंग येतो तो लोहाच्या संयुगांमुळे. ते उन्हाने विटत नाहीत, आणि त्यांच्यात मातीचा मंदपणा असल्यामुळे ते कधी किंचाळत नाहीत. आजच्या यंत्रावर हजारो छटा मिळतात, त्यांत ह्या पाच रंगांच्या जवळपासच्याही असतात. नव्या घरात काय शोभेल ह्याचा शोध तेथून सुरू केला तर बरेच श्रम वाचतील.

तांबड्याने भूक वाढते, निळ्याने बुद्धी तल्लख होते, गुलाबीने राग शमतो, असली जी विधाने रंगाच्या जाहिरातींत आढळतात, त्यांवर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेत १९७९ मध्ये सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या बंदीखान्यातील कोठडीस विशिष्ट गुलाबी रंग लावून कैदी शांत होतात असा गवगवा झाला. पुढे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत ते सिद्ध झाले नाही.

त्याहून फार महत्त्वाची, आणि आपल्या घरांत सर्वाधिक दुर्लक्षित, अशी बाब म्हणजे खोलीत वस्तुतः कोण राहते ही. रंग ठरविणारी मंडळी बहुधा दिवसा घराबाहेर असतात. घरात राहतात ती वृद्ध माणसे. वाढत्या वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळट होत जाते आणि आत पोहोचणारा उजेड कमी होतो, त्यामुळे निळ्या-हिरव्यांतील फिकट भेद त्यांस नीट कळेनासे होतात. तरुण मुलास जी खोली समुद्रासारखी निळी आणि प्रसन्न दिसते, ती त्याच्या आजीस नुसती करडी दिसत असण्याचा पुष्कळ संभव आहे. तिच्या खोलीस फिकट उष्ण रंग द्यावा, न्हाणीघराच्या दाराची चौकट आणि विजेची बटणे भिंतीहून स्पष्ट वेगळी दिसतील अशी गडद ठेवावीत, आणि मुख्य म्हणजे तिला विचारावे. घराच्या भिंतींविषयी घरातील सर्वांत वडील माणसाची जबानी घेतली जात नाही, ह्याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाचकांस माझी एकच विनंती आहे. शेडकार्डावरून रंग ठरवू नका. लहान चौकटीत सौम्य दिसलेली छटा सबंध भिंतीवर दुप्पट तीव्र वाटते, म्हणून आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकट घ्या, आणि मनात असलेल्या दोन-तीन छटांचे लहान डबे आणवून खोलीच्या दोन वेगवेगळ्या भिंतींवर, प्राइमर वाळल्यानंतर, हातभर लांबी-रुंदीच्या पट्ट्यांत दोन-दोन हात देववा. ते पट्टे पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग खरा नसतो. मग सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री तुमच्या नेहमीच्या दिव्याखाली ते पाहा, घरातील म्हाताऱ्यांस आणि मुलांस दाखवा, आणि जमल्यास एखादा ढगाळ दिवस मध्ये जाऊ द्या. ह्यास फार तर आठवडा लागेल. दिवाळी तोंडावर आली असली तरी तेवढी मुदत रंगाऱ्याकडून मागून घ्या.